फॉरमॅट मारण्याआधी

खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आली की बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांपुढे सकाळपासून रांग लागते. सातबारा, पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, पासबुक, आधार कार्ड असे सगळे कागद घेऊन शेतकरी उभा असतो. पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ २०२० पासून राज्यभर गाजला. विम्याचे अर्ज ज्या संगणकांवर भरले जातात, त्यांत मात्र मोठ्या शहरांतल्या कार्यालयांनी वापरून काढून टाकलेली यंत्रेही असतात. २०१५ नंतर लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झालेल्या जिल्हा परिषद शाळा, लग्नपत्रिका छापणारी डीटीपीची दुकाने, एमएस-सीआयटीचे जुने वर्ग आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची खोली या ठिकाणीही तीच गत आहे. असे यंत्र अडले की निदान ठरलेले असते: जुने झाले, नाहीतर व्हायरस शिरला. उपायही ठरलेला असतो: फॉरमॅट मारून बघू. ही पुस्तिका त्या उपायाआधीच्या अर्ध्या तासासाठी लिहिली आहे.

पुस्तिकेचा विषय एकाच प्रकारच्या बिघाडापुरता मर्यादित आहे. संगणक सुरू होतो, बाकीचे प्रोग्राम नीट चालतात, इंटरनेटही असते. एकच प्रोग्राम मात्र उघडताक्षणी नाहीसा होतो. कधी ‘प्रोग्रामने काम थांबवले’ अशी चौकट येते, कधी तीही येत नाही. बहुतेक वेळा तो प्रोग्राम कालपर्यंत चालत होता आणि रात्री आपोआप अद्ययावत झालेला असतो. दुरुस्ती करणारा विंडोज नव्याने टाकतो, ड्रायव्हर शोधतो, अर्धा दिवस घालवतो आणि तोच प्रोग्राम पुन्हा बसवतो. प्रोग्राम पुन्हा नाहीसा होतो. गिऱ्हाइकाचे फोटो आणि फाइली तेवढ्या गेलेल्या असतात. या बिघाडाचे मूळ हार्ड डिस्कवर नसतेच. ते असते कॅबिनेटच्या आत, पंख्याखाली बसलेल्या प्रोसेसरच्या क्षमतेत आणि प्रोग्राम बनवणाऱ्याने त्या क्षमतेबद्दल धरलेल्या गृहीतकात.

प्रत्येक प्रोग्राम शेवटी प्रोसेसरला दिलेल्या छोट्या छोट्या सूचनांची लांबलचक माळ असतो: हा आकडा उचल, त्यात तो मिळव, बरोबर असेल तर पुढे जा. कोणत्या सूचना समजतात हे प्रत्येक प्रोसेसरच्या बांधणीत पक्के ठरलेले असते. माळेत एखादी अनोळखी सूचना आली की प्रोसेसर तिथेच थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो. सिस्टिम मग तो प्रोग्राम बंद करते.

बीडच्या वाचकाला याचे एक उदाहरण जवळचे वाटेल. मराठवाड्यात २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. अभिलेख कक्षांतून जुनी दप्तरे निघाली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली. कागद शाबूत होता, मजकूर बरोबर होता, समोर बसलेला कर्मचारीही हुशार होता. फक्त त्याला ती लिपी येत नव्हती. देवनागरी सरसर वाचत आलेला माणूस मध्येच मोडीची ओळ लागली की थांबतो, तसाच प्रोसेसर थांबतो. माणसाला मोडी शिकवता येते. प्रोसेसरला अशा नव्या सूचना शिकवण्याची सोय नसते, त्या कारखान्यातच सिलिकॉनमध्ये उतरलेल्या असतात.

हे थांबणे यंत्राच्या भल्याचे आहे. इंटेलच्या १९७८ मधल्या ८०८६ प्रोसेसरला अनोळखी सूचना ओळखून थांबण्याची सोय नव्हती. तो त्यातून काहीतरी अर्थ काढून पुढे जाई आणि काय होईल याचा भरवसा नसे. १९८२ मध्ये ८०१८६ आणि ८०२८६ आले तेव्हापासून अवैध सूचनेसाठी सहा क्रमांकाचा अपवाद राखून ठेवला गेला. आजचे प्रोसेसरही तोच क्रमांक पाळतात. म्हणजे प्रोग्राम बंद पडतो तेव्हा प्रोसेसर आपले काम चोख करत असतो.

नव्या सूचना का येतात, हेही समजून घ्यायला हवे. १९९७ च्या जानेवारीत इंटेलने एमएमएक्स नावाने ५७ नव्या सूचना आणल्या. चित्र आणि ध्वनीच्या कामात एकच क्रिया हजारो आकड्यांवर करावी लागते. अशा वेळी एकेक आकडा न उचलता अनेक आकडे एकदम उचलावेत, ही त्यामागची कल्पना होती. १९९९ च्या पेंटियम थ्रीमध्ये एसएसई आले. २००० च्या पेंटियम फोरमध्ये एसएसई २, २००४ मध्ये एसएसई ३, २००६ च्या कोअर टू ड्युओमध्ये एसएसएसई ३ आणि २००८ मध्ये पहिल्या कोअर आय-सेव्हनसोबत एसएसई ४.२ अशी भर पडत गेली. २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या कोअर मालिकेत एव्हीएक्स आले. एसएसईमध्ये एका वेळी चार दशांश आकड्यांवर काम होई, एव्हीएक्समध्ये ते आठांवर होऊ लागले. २०१३ मध्ये एव्हीएक्स २ आले. एएमडीचा प्रवास याला समांतर होता, पण पायऱ्या वेगळ्या होत्या. त्यांच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला एसएसई २ येत नव्हते. फेनॉम टू हा सहा गाभ्यांपर्यंत मिळणारा, अंगापिंडाने दणकट प्रोसेसर, पण त्याला एसएसएसई ३ सुद्धा येत नाही.

इथे या पुस्तिकेचा मुख्य मुद्दा येतो. यंत्राचे वय विचारू नका, त्याला काय येते ते विचारा. २०११ सालचा कोअर आय-फाइव्ह २४०० एव्हीएक्स जाणतो. २०१९ च्या अखेरीस आलेला आणि पुढची काही वर्षे स्वस्त लॅपटॉपमध्ये विकला गेलेला सेलेरॉन एन ४०२० ते जाणत नाही. इंटेलने बराच काळ पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त नावांखालच्या प्रोसेसरांत एव्हीएक्स दिलेच नाही. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढे ऐकूनही समाधान मानू नये, कारण २००९ च्या पहिल्या पिढीच्या आय-फाइव्हला एव्हीएक्स नाही आणि २०११ च्या दुसऱ्या पिढीला आहे. जुने यंत्र घेताना आपल्याकडे रॅम किती, एसएसडी आहे का, स्क्रीन केवढी हे विचारले जाते. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक कोणी विचारत नाही, आणि सगळे उत्तर त्या क्रमांकात असते.

ही अडचण अलीकडे वाढली, कारण मोठ्या सॉफ्टवेअरांनी एकामागून एक आपला उंबरठा वर नेला. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार असे जाहीर होते. तरी मार्च २०१८ च्या दुरुस्तीनंतर एसएसई २ नसलेली यंत्रे निळ्या पडद्यावर अडकू लागली. मायक्रोसॉफ्टने आधी तोडगा काढत असल्याचे सांगितले आणि काही महिन्यांनी प्रोसेसर बदलण्याचा सल्ला दिला. मार्च २०२१ मध्ये क्रोमच्या ८९ व्या आवृत्तीने विंडोजवर एसएसई ३ सक्तीचे केले. सुरुवातीच्या पेंटियम फोर यंत्रांवरून क्रोम त्या दिवशी कायमचे उतरले. त्याच वर्षी मोंगोडीबी या डेटाबेसच्या पाचव्या आवृत्तीने एव्हीएक्स मागितले. त्याआधी २०१८ मध्ये टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या साधनाच्या १.६ आवृत्तीपासून तयार मिळणाऱ्या फाइलींनी तेच केले होते. अंबाजोगाईत किंवा बीडमध्ये अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी वर्गातल्या संगणकावर चाललेला प्रकल्प घरच्या पेंटियमवर आणतो आणि पहिल्याच ओळीला तो बंद पडतो, याचे कारण बहुधा इथे सापडते.

सर्वांत ताजे उदाहरण विंडोज ११ चे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. जुन्या यंत्रांवर टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी चुकवून, म्हणजे बायपास मारून, विंडोज ११ टाकण्याची युक्ती दुकानादुकानांत पोहोचली. ती कोअर टू ड्युओवरही चालत असे. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून मात्र एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट ही सूचना विंडोजच्या गाभ्यातच वापरली जाऊ लागली. टीपीएम ही दारावरची तपासणी होती, ती चुकवता येत होती. गाभ्यातली सूचना चुकवता येत नाही. असे यंत्र अद्ययावत होताना पुन्हा पुन्हा सुरू होत राहते आणि डेस्कटॉपपर्यंत पोहोचत नाही. ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून ते भंगारात काढण्याआधी विंडोजची आवृत्ती विचारावी.

आता तपासाची रीत. पहिला प्रश्न: बिघाड दर वेळी त्याच ठिकाणी होतो का? अवैध सूचनेचा बिघाड हट्टी असतो. तो सकाळी, दुपारी, थंडीत, उन्हाळ्यात त्याच बटणावर, त्याच क्षणी होतो. कधी होतो, कधी होत नाही, वेगवेगळ्या प्रोग्रामांत होतो, अशी तक्रार असेल तर संशय दुसरीकडे न्यावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पंख्यात धूळ बसते, विजेचा दाब वरखाली होतो. रॅमचे पट्टे रबराने घासून बसवणे, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलणे, एसएमपीएस तपासणे हे उपाय तिथे योग्य असतात. अवैध सूचनेच्या बिघाडात त्यांचा उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न: पुरावा काय? विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘अ‍ॅप्लिकेशन’ या नोंदवहीत १००० क्रमांकाची लाल नोंद शोधावी. तिच्यात अपवादाचा संकेतांक असतो. ‘सी’, मग पाच शून्ये, मग ‘१डी’ असा तो असेल, तर प्रोसेसरने अनोळखी सूचना नाकारली हे नक्की. ‘सी’, सहा शून्ये आणि ५ असा असेल, तर प्रोग्रामने मेमरीत भलत्या जागी हात घातला आहे. तो बिघाड वेगळा, त्याचा तपासही वेगळा. त्याच नोंदीत बिघडलेल्या मॉड्यूलचे नाव असते, तेही लिहून घ्यावे. अनेकदा मुख्य प्रोग्राम निर्दोष असतो आणि त्याने ओढून घेतलेली एखादी व्हिडिओची किंवा गणिताची डीएलएल फाइल दोषी निघते. ती एकच फाइल जुन्या आवृत्तीची मिळाली किंवा ती सुविधा बंद करता आली, तर काम होते. लिनक्सवर टर्मिनलमधून प्रोग्राम चालवला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असे स्पष्ट लिहून येते. हा चार क्रमांकाचा संकेत आहे. स्क्रिप्टमधून चालवलेला प्रोग्राम १३२ हा आकडा ठेवून संपला असेल, तर तो १२८ अधिक हाच चार असतो.

तिसरा प्रश्न: या प्रोसेसरला काय येते? विंडोजवर सीपीयू-झेड हे छोटे फुकट साधन चालवले की ‘इन्स्ट्रक्शन्स’ या ओळीत सगळी यादी दिसते. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा पुरते. ही यादी आणि सॉफ्टवेअरची किमान गरज शेजारी ठेवली की निदान पूर्ण होते. बहुतेक वेळा इथेच तपास संपतो.

उरलेल्या प्रकरणांत मात्र गुंता असतो आणि पुस्तिकेचा मोठा भाग त्यावर खर्च केला आहे. प्रोसेसरला एव्हीएक्स येते, तरी प्रोग्राम अवैध सूचनेवर पडतो, असेही होते. एव्हीएक्सचे रुंद कप्पे वापरायचे तर ऑपरेटिंग सिस्टिमनेही त्यांची व्यवस्था पाहावी लागते. विंडोज ७ मध्ये ही व्यवस्था २०११ च्या सर्व्हिस पॅक १ पासून आली. त्याआधीची मूळ सीडी अजून कुणाच्या कपाटात असेल आणि तीच टाकली असेल, तर सक्षम प्रोसेसरही अडतो. आभासी यंत्रात काम करणाऱ्यांना दुसरा अनुभव येतो. ते यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर आतल्या सिस्टिमला मुद्दाम साधा, सर्वसामान्य प्रोसेसर दाखवते आणि खऱ्या प्रोसेसरची क्षमता झाकली जाते. तिसरा प्रकार फसवा आहे. काही प्रोग्राम स्वतःत गंभीर चूक आढळली की जाणूनबुजून एक अवैध सूचना चालवून आत्मसमर्पण करतात, आणि त्यासाठी ‘यूडी २’ ही खास सूचनाच राखून ठेवलेली आहे. तिथे प्रोसेसर बदलून काहीच साधणार नाही. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर लावून नेमकी कोणती सूचना अडली हे पाहिले, तर हा भेद मिनिटात कळतो.

चौथा प्रकार आपण स्वतः ओढवून घेतो. नव्या यंत्रावर प्रोग्राम बांधताना कंपायलरला ‘याच यंत्राला साजेसा बांध’ असे सांगितले जाते. प्रोग्राम वेगवान होतो, पण तोच शाळेच्या जुन्या संगणकावर नेला की पडतो. जिल्ह्यातल्या शाळांसाठी, पतसंस्थांसाठी छोटी सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्या तरुणांनी पुस्तिकेतले याविषयीचे प्रकरण आधी वाचावे. प्रोग्रामने सुरू होतानाच ‘सीपीयूआयडी’ या सूचनेने प्रोसेसरची क्षमता विचारावी आणि त्याप्रमाणे नवा किंवा जुना मार्ग धरावा, ही चांगली रीत १९९३ च्या पेंटियमपासून उपलब्ध आहे. ती पाळणाऱ्याचा प्रोग्राम जुन्या यंत्रावर थोडा सावकाश चालतो, पण चालतो. बनवणाऱ्याने मनावर घेतले तर दुरुस्ती होते, याचे उदाहरण २०१६ मध्ये दिसले. नो मॅन्स स्काय हा खेळ प्रकाशित झाला तेव्हा फेनॉम प्रोसेसर असलेल्यांच्या संगणकांवर तो उघडेना. तक्रारी आल्या आणि कंपनीने काही दिवसांत त्यांच्यासाठी दुरुस्ती दिली. म्हणून संकेतांक, मॉड्यूलचे नाव आणि प्रोसेसरचा क्रमांक यांसह बनवणाऱ्याला कळवणे हाही एक उपाय आम्ही यादीत ठेवला आहे.

बाकीचे उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने दिले आहेत. बिनखर्चाचा पहिला उपाय म्हणजे चालणारी शेवटची आवृत्ती शोधून ती बसवणे आणि आपोआप अद्ययावत होणे थांबवणे. पत्रिका आणि स्थानिक दैनिकांची पाने लावणाऱ्या दुकानांसाठी हा पुरेसा आहे, कारण जुन्या पेजमेकरला एव्हीएक्स लागत नाही आणि त्या यंत्राला इंटरनेटचीही गरज नसते. दुसरा उपाय सिस्टिम बदलण्याचा. डेबियनच्या ६४-बिट आवृत्तीला आजही पहिल्या ६४-बिट प्रोसेसरांएवढीच क्षमता पुरते, त्यामुळे कोअर टू ड्युओवर ती सुखाने चालते. तिसरा उपाय प्रोसेसर बदलण्याचा, आणि इथे हिशेब नीट करावा. ११५५ पिनांच्या सॉकेटवर पेंटियम बसलेला असेल, तर त्याच मदरबोर्डवर दुसऱ्या पिढीचा जुना आय-थ्री किंवा आय-फाइव्ह बसवून एव्हीएक्स मिळवता येते. ७७५ पिनांच्या सॉकेटवर मात्र कितीही महाग कोअर टू क्वाड आणला तरी गाडी एसएसई ४.१ च्या पुढे जात नाही. विंडोज ११ च्या आशेने तिथे पैसे घालणे व्यर्थ आहे.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. जुनी आवृत्ती धरून ठेवणे हा सगळीकडे चालणारा इलाज नव्हे. ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक, बोटांचे ठसे आणि बँक खाती हाताळली जातात, त्यावर सुरक्षा दुरुस्त्या थांबलेला ब्राउझर ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशांवर जोखीम घेणे आहे. विंडोज ७ साठी क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबले. शाळेत धडा दाखवायला असे यंत्र चालेल, सेवा केंद्राच्या खिडकीवर नाही. तिथे लिनक्स किंवा दुसरे यंत्र हाच मार्ग आहे.

उंबरठा पुढेही सरकत राहणार. रेड हॅट लिनक्सच्या २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीने एव्हीएक्स २ असलेलाच प्रोसेसर मागितला. आज आपण ज्याला सक्षम म्हणतो तो २०११ चा आय-फाइव्ह तिथे आत्ताच बाद आहे. त्यामुळे या पुस्तिकेतली आवृत्त्यांची कोष्टके काही वर्षांत शिळी होतील. तपासाचे तीन प्रश्न तेच राहतील. वाचकांनी एक गोष्ट मात्र आजपासून करावी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राच्या कॅबिनेटवर एक कागद चिकटवावा आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, त्याला येणारा सर्वांत वरचा सूचनासंच, चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या आणि अद्ययावतीकरण बंद केल्याची तारीख लिहावी. पुढच्या वेळी ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेले, तरी तपास पहिल्या पायरीपासून सुरू करावा लागणार नाही, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा केंद्रचालकाला खर्चाचा आकडा सांगताना त्यामागचे कारणही दाखवता येईल.